नागशिळेला टेकलेला गाल

आमच्या घरात त्या वर्षी फुटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कपबश्या गेल्या, भिंतीवरचा आरसा गेला, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या चिनी मातीच्या बरण्या गेल्या, आणि शेवटी टीव्हीची काच तरी वाचावी म्हणून आम्ही तो शेजारी नेऊन ठेवला. शेजारीण खुशीत होती, दुपारभर आरामात बघायची. आमच्याकडे स्टीलची ताटं, स्टीलचे पेले आणि माणसं तेवढी राहिली होती, आणि माणसंही काही धड नव्हती.

हे सगळं फोडणारा गोपू, म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन निपाणीहून बंगळुरात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीतला मुलगा होता. ही हकीकत घडली तेव्हा तिशीला टेकला होता, तरी घरात सगळ्यांसाठी पोरच. जन्मापासून त्याची समज लहानच राहिली. त्या काळी मतिमंद असा एकच शब्द होता, डॉक्टरही तोच लिहीत. गोपूचं बोलणं चार शब्दांत आटपायचं. अण्णा म्हणजे माझे यजमान, वैनी म्हणजे मी, 'ऊट' म्हणजे जेवण, आणि नको म्हणजे नको. तेवढ्यावर आमचं सगळं भागत होतं.

माझं सासर कॉटनपेटेतलं. यांचं घराणं इथं कधी आलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही, पण राजांच्या फौजेबरोबर आलो हे मात्र प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगतो. मराठी अशी, की पहिले काही महिने मी नुसती तोंडाकडे बघत राहायची. "स्वल्प सरकून बस गं", "अक्काला विचार, सरी म्हणाली तर घाल मीठ." स्वल्प म्हणजे जरा, आणि सरी म्हणजे बरं. निपाणीला कानडी कानावर पडलेली होती म्हणून निभावलं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी सिनेमातल्यासारखा गोपूचा हात माझ्या हातात वगैरे दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याला आंबट दही घालू नको गं, पोट बिघडतं." मला काय सांगायचं ते त्यात सगळं आलं.

पुढची कित्येक वर्षं मला त्याचा त्रास म्हणून नव्हता, उलट सोबतच होती. मटार सोलायचा, कपडे घडी करायचा (घड्या वाकड्या, पण मनापासून), मार्केटात पिशवी धरून माझ्या मागं चालायचा, संध्याकाळी आरतीला घंटा वाजवायचा आणि आरती संपली तरी वाजवतच राहायचा. यांची नोकरी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात. कंपनीची बस पहाटेच न्यायची ती दिवेलागणीला आणून सोडायची. मूलबाळ आम्हाला झालं नाही. दिवसभर घरात मी आणि गोपू, आणि आमचं बरं चाललं होतं.

मग कधीतरी ते सुरू झालं. नेमकं कधी, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण अशा गोष्टी तारीख सांगून येत नाहीत. आधी तो मनगट चावायला लागला. मग रात्री उशी फेकायला लागला, ताट भिरकावायला लागला. वाढलेला गरम भात, सारू म्हणजे आपलं सार, सगळं भिंतीवर. पुढं मूठ वळून स्वतःच्याच तोंडावर ठोसे मारून घ्यायचा, इतके जोरात की आवाज स्वयंपाकघरात यायचा. मी हात धरायला गेले की मलाच बसायचा. एकदा माझ्या बांगड्या फुटून हातात रुतल्या. गल्लीतली पोरं आमच्या दारावरून पळत जायला लागली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्यांनी घर सोडलं. आणि तो ओरडायचा, तासन्‌तास, एकाच सुरात. ऐकणाऱ्याला वाटावं की घरात कुणाला तरी बडवतायत.

एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, मारतो का, झोपतो का, जेवतो का. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, अशा लोकांत हे असतंच, वयाप्रमाणे वाढतं, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी गोपू भिंतीला टेकून बसलेला राहायचा, तोंडातून लाळ गळायची, डोळे उघडे पण बघणं नाही. गोळीचा अंमल उतरला की पुन्हा तेच, जरा जास्तच. मी दमले होते. दमले म्हणजे कामानं दमतात तसं नव्हे. भांड्याचा जरा आवाज झाला की अंगावर काटा यायचा, आणि आवाज नाही झाला तर आता होईल म्हणून यायचा.

एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट बरी होती, आणि तिचं आम्हा सगळ्यांना फार कौतुक होतं. आमचं देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा आणि त्याच्या खाली कडप्प्याचा एक बसका ओटा. गोपू अधूनमधून तिथं जाऊन आडवा व्हायचा. ओट्यावर गाल टेकून, डोळे मिटून, अगदी शांत. मारणं नाही, ओरडणं नाही. कधी कधी तासभर. बघणाऱ्याला भरून यायचं. आलेल्या-गेलेल्याला मी मुद्दाम दाखवायची की बघा, बाहेर एवढा दंगा करतो पण देवापुढं कसा पडून राहतो. आणि तेवढ्या वेळात मला बसून कपभर चहा प्यायला मिळायचा, हेही होतंच.

यांच्या मावशी, त्यांना घरात सगळे चिक्कम्मा म्हणतात, त्या हे बघून म्हणाल्या, "मागच्या जन्मीचा योगी आहे तो, काहीतरी राहिलं म्हणून आलाय." आणि तो तोंड बडवायला लागला की त्याच म्हणाल्या, "हा नागदोष. यांच्या पणजोबांनी पाया खणताना नाग मारला होता." असं होऊन गोपूची आमच्या घरात वाटणीच झाली. शांतपणा त्याच्या पुण्याईचा आणि आकांत पूर्वजांच्या पापाचा. मला ते पटत होतं का? पटायला आणि न पटायला जी उमेद लागते तीच नव्हती. मी देवापुढं दिवा लावत होते, कारण संध्याकाळी दिवा लावतात. हात जोडले की मला जांभई यायची.

कारखान्यातल्या कुणीतरी यांना एका संस्थेचं सांगितलं. दोड्डबळ्ळापूरच्याही पलीकडे, मोठं आवार, आंब्याची झाडं, अशा मोठ्या झालेल्या मुलांना कायमचं ठेवून घेतात. हे एका रविवारी जाऊन बघून आले. "चांगलं आहे," म्हणाले, आणि मान खाली घालून जेवत राहिले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "सोडल्यावर काही महिने भेटायला यायचं नाही म्हणतात. मन लागायला पाहिजे ना त्याचं." मी बरं म्हटलं. तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, भांडी घासताना. पण आधी वाटलं ते सुटल्यासारखंच.

चिक्कम्मांनी मात्र एक अट घातली. वाटेवरच घाटी सुब्रह्मण्याचं देऊळ आहे, तिथं नागाची पूजा करून, दूध घालून मगच पोराला पुढं न्या. त्यांचं मन मोडायचं त्राण आमच्यात नव्हतं. एक टॅक्सी ठरवली. डिकीत गोपूची ट्रंक. तिच्यात त्याचे कपडे, त्याचा पेला, आणि लहानपणापासूनची ती चौकड्यांची चादर, जी मी धुवायला घेतली तरी तो मागं मागं यायचा. तो आनंदात होता. गाडीत बसायला मिळालं की त्याला तेवढं पुरे. येलहंक्याच्या पुढं डोक्यावरून विमानं गेली तेव्हा त्यानं कान झाकले, मग खिडकीच्या काचेला गाल लावून बसला तो थेट देवळापर्यंत. मला वाटलं, बाहेरचं बघतोय. म्हटलं, बघू दे.

घाटीला आत पूजा झाली. पुजाऱ्यांनी संकल्प सांगितला, यांनी तो म्हटला. मी देवासमोर उभी राहिले. काहीतरी मागावं असं मनात आणलं, पण काही येईना. शेवटी मनात एवढंच आलं की, बाबा, माझ्याच्यानं आता होत नाही. याला भक्ती म्हणत नाहीत, हात टेकणं म्हणतात. पण त्या दिवशी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

बाहेर पिंपळाखाली नागशिळा आहेत, रांगाच्या रांगा. नवस फेडायला लोकांनी बसवलेल्या, काही नव्या, काही झिजून नाग दिसेनासे झालेल्या. बायका प्रदक्षिणा घालत होत्या, हळदकुंकू वाहत होत्या, दूध घालत होत्या. आम्हीही दूध घातलं. आणि गोपूनं यांचा हात सोडवून घेतला. मला वाटलं, झालं, आता इथं सुरू होणार. पण तो सरळ एका मोठ्या शिळेपाशी गेला, गुडघ्यांवर बसला, शिळेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि दुधानं ओल्या झालेल्या दगडावर गाल टेकला. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी कितीतरी दिवसांत तसं बघितलं नव्हतं.

प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "देवरु बंदिदे." अंगात देव आलाय. झालं, बघता बघता घोळका जमला. एकीनं त्याच्या पाठीवर फूल ठेवलं. दुसरीनं त्याच्या पायांना हात लावून डोळ्यांना लावला. एक बाई तर वाकून त्याच्या कानाशी मुलीचं लग्न कुठं जमेल ते विचारायला लागली. गोपू हलला नाही. मी लांब उभी राहून बघत होते आणि मला खरंच वाटलं, अरे, म्हणजे असंच असेल. मला वाटलं, आपल्याला कळला नाही, पण देवाला कळलाय. घरात ज्याला आवरता आवरता कंबर मोडली तो इथं कुणीतरी आहे. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "जायला पाहिजे. उजेडात पोचलं तर बरं." मी म्हटलं, "राहू द्या की स्वल्प." त्या घराची भाषा माझ्या तोंडात कधी बसली तेही मला कळलं नव्हतं.

तेवढ्यात घोळक्यातून एक म्हातारी पुढं आली. ठेंगणी, जाड, हनुवटीखालून पंचा घेऊन डोक्यावर गाठ मारलेली, एक गाल टम्म सुजलेला. तिनं हात जोडले नाहीत, फूल वाहिलं नाही. बायकांना कोपरानं बाजूला करत गोपूपर्यंत गेली आणि म्हणाली, "स्वल्प जरुगप्पा." जरा सरक रे बाबा. गोपू सरकला. कुणी सांगितलेलं तो त्या काळात ऐकत नसे, पण सरकला. म्हातारी कण्हत खाली बसली, पंचा सोडला, आणि त्याच शिळेच्या दुसऱ्या बाजूला तिनं आपला सुजलेला गाल टेकला. "अब्बा," म्हणून असा एक सुस्कारा सोडला की जवळच्या दोघी-तिघी दचकल्या. आता हिच्याही अंगात आलं की काय, असं त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

म्हातारीनं एक डोळा उघडला. "हल्लु नोवु कणम्मा," म्हणाली. दात दुखतोय गं. मग शिळेवरून गोपूकडे बघितलं, आणि मला विचारलं, "इवनिगू हल्लु नोवा? अय्यो पाप." यालाही दाढदुखी का, बिचारा.

मी माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, नाही हो अज्जी, हा जन्मापासूनच असा आहे, देवाचं वेड आहे याला. तिनं ते ऐकून घेतलं, पण तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. म्हणाली, माझी उजवीकडची दुखते, त्याची डावीकडची दिसतेय. घरून निघाल्यापासून नुसती आग आग होतेय, बसच्या दांडीला गाल लावून आले, पण हा दगड बरा, चांगला गार आहे. तुझ्या पोराला बरोबर सापडलाय. हे सगळं ती गोपूशीच बोलल्यासारखं बोलत होती, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोघांसारखं. मग तिनं बोट घालून स्वतःचं तोंड उघडलं आणि आतली काळी दाढ त्याला दाखवली.

गोपूनं ती नीट बघितली. आणि मग त्यानंही तोंड उघडलं, तिला दाखवायला.

त्याचं तोंड मी कित्येक महिन्यांत आतून बघितलं नव्हतं. दात घासायला गेलं की लढाई व्हायची, म्हणून आम्ही नुसत्या चुळा भरायला लावत होतो. तोंडाला वास येत होता, तो गोळ्यांचा म्हणून सोडून दिला होता. मी पुढं होऊन वाकले. डावीकडे मागं हिरडी लालबुंद सुजली होती, दाढेत हे एवढं काळं भोक, आणि कडेला पिकलेली पुळी. त्या बायका, ती फुलं, ते कुंकू, सगळं तिथंच होतं, आणि मध्ये ही दोघं एकमेकांपुढं आ करून बसली होती.

मी तिथंच मातीत बसले. गरम भाताचं ताट डोळ्यापुढं आलं. आणि मूठ नेहमी कुठं बसायची, तर डाव्या गालावर. उशी फेकायचा ती कुठली, तर कापसाची, गरम. टॅक्सीची काच. देवघराचा ओटा, कडप्प्याचा, ज्याच्यावर भर उन्हाळ्यातही हात ठेवला तर गार लागतो. गोपू योगी नव्हता आणि त्याला कुणाचा दोषही लागला नव्हता. ज्या दाढेनं तो भिंतीवर ताट मारत होता, त्याच दाढेनं तो देवापुढं शांत पडत होता. स्वतःला बोल लावून घ्यावा एवढीही ताकद माझ्यात नव्हती.

हे घाबरून आले. "काय झालं गं?"

"दाढ," मी म्हटलं.

"कुणाची?"

मी गोपूकडे बोट केलं. यांनीही वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कमरेवर हात ठेवून टॅक्सीकडे बघत उभे राहिले, डिकीतली ट्रंक दिसत असल्यासारखे. म्हणाले, "मग आज?"

"आज नको."

"सरी," म्हणाले. "घरी जाऊ." आणि त्यांनी तोंड फिरवलं. ते रडत होते हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडून एक लवंग स्वतःच्या दाढेत धरली, एक गोपूला दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. मग तिच्या माणसांनी हाक मारली, बस निघायची होती, आणि ती पंचा बांधत निघून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. घरी आल्यावर चिक्कम्मांनी सगळं ऐकलं आणि लगेच सांगितलं की ती आमची कुलदेवी भवानीच, दुसरं कोण असणार. मी वाद घातला नाही. देवीला दाढदुखी झाली असेल तर ती आमच्यासाठीच झाली म्हणायची. मला एवढंच माहीत आहे की ती आली नसती तर त्या दिवशी आम्ही त्याला दुखऱ्या दाढेसकट तिथं ठेवून आलो असतो, आणि तो तिथल्या भिंतींवर ताटं मारत राहिला असता.

गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरनं अशा पेशंटला हात लावायला नको म्हटलं. मग एका मोठ्या सरकारी इस्पितळात त्याला पूर्ण भूल देऊन ती दाढ आणि तिच्या शेजारची अशा दोन्ही काढल्या. तोंडातला कापूस गोपूनं थुंकून टाकला आणि घरी येऊन झोपला. काही दिवसांनी मी भीत भीत गरम भात वाढला. त्यानं तो खाल्ला आणि ताट पुढं केलं. ते ताट हातात धरून मी उभी राहिले आणि आणखी भात वाढायचं विसरले. "वैनी, ऊट," तो म्हणाला.

पण सगळं तिथंच संपलं असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. एवढे महिने आम्ही एकमेकांना भ्यायला शिकलो होतो. त्यानं हात वर केला की मी मागं सरायची, मी मागं सरले की तो बिथरायचा. लाईट गेली की अजून मनगट चावायचा. इस्पितळातल्याच एका डॉक्टरांनी त्या जुन्या गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि आम्हाला एका केंद्राकडं पाठवलं, जिथं अशा मुलांच्या वागण्याचं बघतात. तिथल्या बाई धारवाडकडच्या, मराठी कळायची. गोपू काय काय करतो ते मी सवयीनं धडाधड सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. आता हे सगळं व्हायच्या आधी काय होतं ते सांगा." मला हसायलाच आलं. आधीचं कुणी विचारलंच नव्हतं, आणि आम्हीही बघितलं नव्हतं.

त्यांनी आम्हाला एक खूण शिकवली. तो बिथरायला लागला की हात धरायचे नाहीत, ओरडायचं नाही. त्याच्यापुढं आपला तळवा उताणा धरायचा, म्हणजे 'कुठं?' आणि थांबायचं. त्यानं आपला हात जिथं दुखतंय तिथं ठेवायचा. ऐकायला सोपं. पण हे त्याला कळायला फार काळ गेला आणि त्यात गमतीही झाल्या. मी कुठं म्हणून तळवा धरला की तो सुरुवातीला त्यावर टाळी द्यायचा. एकदा त्यानं हात नेऊन रेडिओवर ठेवला, कारण तो बंद होता. एकदा यांच्या डोक्यावर ठेवला, आणि त्या दिवशी हे खरंच डोकं उठवत होते. बाई म्हणायच्या, थांबा, तो शोधतोय, घाई करू नका. थांबणं मला सगळ्यात जड गेलं. केंद्राच्या बाकावर माझ्यासारख्या आणखी आया, बहिणी बसलेल्या असायच्या. आम्ही फार बोलत नसू. एकमेकींच्या मनगटांवरचे व्रण बघायचो आणि डबा पुढं करायचो.

मग एक दिवस त्यानं कानावर हात ठेवला, आणि कानात खरंच मळ साचलेला निघाला. एकदा पोटावर. एकदा सासूबाईंच्या फोटोवर ठेवला. त्यावर औषध नव्हतं. मी फोटो काढून त्याच्या मांडीवर दिला, आणि तो बराच वेळ तो घेऊन बसला. ट्रंक यांनी माळ्यावर टाकली. त्या संस्थेला काय कळवलं ते मी विचारलं नाही.

आता शेवटचं सांगते, ज्यासाठी मुळात हे लिहायला बसले. दुपारची वेळ होती. लाईट नव्हती, पंखा बंद, गोपू देवघरापाशी मटार सोलत बसला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले होते. विशेष काही झालं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. वर्षानुवर्षांचं दमणं कधी कधी असं साध्या दुपारीच येऊन अंगावर बसतं. मी भिंतीला डोकं लावून डोळे मिटले होते. उघडले तर समोर गोपू. उकिडवा बसलेला, आणि त्याचा तळवा माझ्यापुढं उताणा धरलेला.

त्याला विचारायचं हे आम्ही शिकलो होतो. त्यानं विचारायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, काही नाही रे, जा. तो गेला नाही. त्यानं माझा हात उचलून घेतला आणि थांबला, बाई आम्हाला थांबायला सांगायच्या तसा. मला हात कुठं ठेवावा ते कळेना. कुठं म्हणून सांगू? कुठं दुखत नाही ते सांगणं सोपं होतं. शेवटी मी गुडघ्यावर ठेवला. गुडघा दुखतच होता, ते काही खोटं नव्हतं. गोपू उठला, फळीवरची बामची बाटली घेऊन आला आणि अर्धीअधिक बोटांवर काढून माझ्या गुडघ्याला, पोटरीला, लुगड्याला, सगळीकडं चोळायला लागला. मी रडायला लागले तसा तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि बामनं माखलेला तळवा पुन्हा पुढं केला.

सुब्रह्मण्यानं आणि भवानीनं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी त्या दुपारचं सांगते. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, आतून उजेड पडल्यासारखं असतं असं मला वाटायचं. मला ते तसं काही कळलं नाही. आपलं दुखणं लपवायचं सोडून कुणाला तरी चोळू द्यायचं, एवढंच मला जमलं, आणि तेही त्यानं शिकवलं म्हणून. हल्ली मी देवापुढं बसते तेव्हा काही म्हणत नाही, काही मागत नाही. ज्या दिवशी जिथं दुखत असेल तिथं हात ठेवते आणि थोडा वेळ बसते. मग गोपू घंटा वाजवतो, आणि मी त्याला वाजवू देते.